मुलीची कसरत आणि महाविद्यालयाची निवड

बारावीचा निकाल जवळ आला की घरोघर एक विचारविनिमय सुरू होतो. त्यात सामान्यतः दोन पक्ष असतात. एक मुलीच्या आवडीचा आणि दुसरा आईवडिलांच्या काळजीचा. परंतु ज्या घरातील मुलगी सहा-सात वर्षांची असल्यापासून जिम्नॅस्टिक्स करीत आली आहे, त्या घरात एक तिसरा पक्षही हजर असतो, आणि तो म्हणजे तिचे शरीर. दहा-अकरा वर्षे रोज घडविलेले हे शरीर कोणाच्या सोयीसाठी थांबत नाही. पदवीचा अभ्यास वर्षभर पुढे ढकलता येतो. वयाच्या अठराव्या वर्षी अंगात असलेली लवचिकता बँकेत ठेवून बाविसाव्या वर्षी व्याजासह काढून घेता येत नाही.

मी हा प्रश्न बंगळूर शहराच्या संदर्भात मांडणार आहे. १६३८ मध्ये विजापूरकरांच्या फौजेने हे ठाणे घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हापासून मराठी माणसाला हे गाव परके राहिलेले नाही. आज तेथील मराठी कुटुंबे बहुतेक नोकरीच्या निमित्ताने आलेली आहेत, शिक्षणाला मान देणारी आहेत आणि मुलींना खेळू देणारीही आहेत. पेच उभा राहतो तो ‘सेकंड पी.यू.सी.’ झाल्यावर. कारण ज्या कुटुंबांनी दहावीपर्यंत मुलीला पहाटे उठून सरावाला नेले, तीच कुटुंबे बारावीनंतर एकाएकी म्हणू लागतात, “आता खेळ पुरे झाला.”

या शहराला विद्या आणि खेळ एकत्र नांदल्याची उदाहरणे नवी नाहीत. अनिल कुंबळे येथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयाचा पदवीधर. जवागल श्रीनाथ म्हैसूरचा अभियंता. पण त्याही आधीचे एक उदाहरण मला अधिक बोधप्रद वाटते, ते इरापल्ली प्रसन्न यांचे. १९६२ मध्ये हा तरुण फिरकी गोलंदाज भारतातर्फे कसोटी खेळला, वेस्ट इंडीजचा दौरा करून आला आणि मग अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी त्याने कसोटी क्रिकेटकडे चक्क पाठ फिरविली. पाच वर्षे गेली. पदवी हाती आल्यावर १९६७ मध्ये तो परतला आणि त्यानंतरच तो जगातील थोर ऑफस्पिनर म्हणून ओळखला गेला. बंगळूरच्या घरांतून ही कथा मुलांना सांगितली जाते, ती “आधी शिक, मग खेळ” या उपदेशाच्या पुष्ट्यर्थ. उपदेश चांगला आहे, पण तो फिरकी गोलंदाजाला लागू आहे. फिरकी ही वयाबरोबर पिकणारी विद्या आहे. जिम्नॅस्टिक्सचे तसे नाही. अठरा ते तेवीस ही पाच वर्षे जी मुलगी बाहेर राहील ती परत येईल खरी, पण ती प्रेक्षकांत येऊन बसेल.

या खेळाचे वयाशी असलेले नाते थोडे समजून घेतले पाहिजे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये नादिया कोमानेचीला दहापैकी दहा गुण मिळाले तेव्हा ती चौदा वर्षांची होती. पुढे कोवळ्या मुलींवर पडणारा ताण पाहून आंतरराष्ट्रीय संघटनेने वयाची अट वाढविली, आणि १९९७ पासून वरिष्ठ गटात उतरण्यासाठी त्या वर्षी सोळा पूर्ण होणे आवश्यक ठरले. म्हणजे आपल्याकडे मुलगी अकरावीत पाऊल टाकते नेमके तेव्हाच तिला मोठ्या स्पर्धांचे दार उघडते. उझबेकिस्तानच्या ओक्साना चुसोवितिनासारखी एखादी स्त्री एकेचाळिसाव्या वर्षी रिओच्या अंतिम फेरीत उतरते, हे खरे; पण अपवादावर घराचा अर्थसंकल्प मांडता येत नाही. पाच मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच अशा बीमवर उलटी उडी घेऊन पुन्हा त्याच दहा सेंटिमीटरवर पाय टेकविणे, ही गोष्ट रोज केली तरच साधते. दोन महिने खंड पडला की प्रथम आत्मविश्वास जातो, आणि मग मनगट किंवा गुडघा.

मग या वयात अभ्यासाचे काय करावे? याचे उत्तर शोधण्यासाठी मी त्रिपुरातील आगरतळ्याकडे पाहतो. दीपा कर्माकर ही तेथील मुलगी. वडील भारोत्तोलनाचे प्रशिक्षक. सहाव्या वर्षी ती या खेळात आली तेव्हा तिचे तळपाय सपाट होते, आणि व्हॉल्टसाठी तो मोठाच दोष. बिश्वेश्वर नंदी या गुरूने तो दोष मेहनतीने काढून टाकला. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळविले. भारताच्या पुरुष कसरतपटूंनी १९५२, १९५६ आणि १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये भाग घेतला होता. त्यानंतर बावन्न वर्षांनी, २०१६ मध्ये, रिओला पोहोचणारी ती पहिली भारतीय स्त्री-कसरतपटू. तेथे १४ ऑगस्टला, ज्या उडीचे नाव ऐकून भल्याभल्यांना धडकी भरते ती प्रोदुनोव्हा घेऊन तिने १५.०६६ गुण मिळविले आणि चौथा क्रमांक पटकाविला. कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकले. हे सर्वांना ठाऊक आहे. त्या मानाने कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की रिओहून परतल्यावर अवघ्या काही दिवसांत ही मुलगी राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या परीक्षेला बसली.

या घटनेचे वृत्तपत्रांनी कौतुक केले, ते योग्यच होते. परंतु त्यातील व्यवस्था पाहण्याजोगी आहे. दीपाने महाविद्यालयासाठी आगरतळा सोडले नाही. राष्ट्रीय शिबिरासाठी दिल्लीला जावे लागे तेवढे जाणे; एरवी गाव तेच, गुरू तोच. पदवीसाठी गावातलेच महिला महाविद्यालय आणि पुढे एम.ए. दूरशिक्षणाने. म्हणजे निवड झाली ती आधी गुरूची आणि तालमीची. महाविद्यालय तिच्या मागून आले. आपण बहुधा याच्या उलट करतो. प्रथम गुणपत्रिकेवरून नामवंत महाविद्यालय ठरवितो आणि मग, “तेथून तुझा हॉल किती लांब पडतो गं?” असे मुलीला विचारतो.

बंगळूरमध्ये हा लांबीचा प्रश्न थट्टेचा नाही. तेथील अंतर किलोमीटरमध्ये मोजीत नाहीत, तासांत मोजतात. हिशेब करून पाहा. झोप आठ तास, कारण एवढ्या श्रमानंतर त्याहून कमी झोपणे म्हणजे दुखापतीला बोलावणे. सराव चार तास. महाविद्यालय सहा तास. घर, हॉल आणि महाविद्यालय या तीन टोकांमधली वाहतूक तीन तास धरली तर एकवीस तास संपले. उरलेल्या तीन तासांत स्नान, जेवण, अभ्यास आणि आईशी भांडण. मेट्रोने काही भागांत ही स्थिती सुधारली आहे, सर्व भागांत नाही. तेव्हा दोन महाविद्यालयांत विशेष अंतर नसेल, तर हॉलपासून पायी जाता येईल असे महाविद्यालय घ्यावे, त्याचे नाव थोडे कमी गाजलेले असले तरी. वाचलेले दोन तास पुस्तकाला मिळतात. नावाजलेल्या संस्थेचा दरारा परीक्षेच्या आदल्या रात्री कोणाच्या उपयोगी पडलेला मी पाहिलेला नाही.

आता महाविद्यालयाच्या आत शिरू. आपल्या विद्यापीठांत साधारणपणे पंचाहत्तर टक्के हजेरीचा दंडक असतो. खेळाडूंना सवलत असते. पण ती कशासाठी, हे नीट विचारावे. महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या संघातून स्पर्धेला गेलेले दिवस हजेरीत धरले जातात. रोजच्या सरावाचे तास बहुधा धरले जात नाहीत. राज्यसंघटनेच्या शिबिराचे दिवस कोठे धरतात, कोठे नाही. प्रवेशाच्या वेळी क्रीडाविभागाचे प्रमुख हसतमुखाने “सगळे होऊन जाईल” असे सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात. परंतु हजेरीची वही त्यांच्या हाती नसते. ती विषयाच्या प्राध्यापकांच्या हाती असते. म्हणून जे आश्वासन मिळेल ते प्राचार्यांच्या सहीने लेखी घ्यावे.

संस्थेच्या प्रकारातही फरक असतो आणि पालकांचे तिकडे लक्ष जात नाही. विद्यापीठाला संलग्न असलेल्या साध्या महाविद्यालयात परीक्षेचे वेळापत्रक विद्यापीठ ठरविते; प्राचार्यांची कितीही इच्छा असली तरी एका मुलीसाठी ते बदलता येत नाही. स्वायत्त महाविद्यालय किंवा अभिमत विद्यापीठ आपली परीक्षा आपणच घेते, आणि म्हणून तेथे राष्ट्रीय स्पर्धेसाठी गेलेल्या विद्यार्थिनीची चाचणी नंतर घेणे शक्य असते. शक्य असते, एवढेच मी म्हणतो. ते करण्याची इच्छा हवी. बंगळूरच्या जैन विद्यापीठाने ही इच्छा धोरण म्हणून स्वीकारल्याचे दिसते. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांचे दुसरे पर्व २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये तेथेच भरले आणि पदकतालिकेत यजमानच पहिले आले. त्याच स्पर्धेत मल्लखांबाला प्रथमच स्थान मिळाले, ही आपल्या मराठी मनाला सुखावणारी गोष्ट. तथापि एखादी संस्था खेळांत अग्रेसर आहे म्हणजे ती आपल्या मुलीच्या खेळात अग्रेसर आहे, असे समजू नये. पोहणे, बॅडमिंटन, हॉकी यांच्यासाठी बंगळूरची कीर्ती आहे. म्हैसूर रस्त्यावरील क्रीडाप्राधिकरणाच्या केंद्रात देशाच्या हॉकीसंघांची शिबिरे होतात. पण हॉकीच्या मैदानाने कसरतपटूचे काम होत नाही. तिला उंच छताचा हॉल लागतो, उसळणारे फ्लोअर लागते, नवी उडी शिकताना पडण्यासाठी फोमने भरलेला खड्डा लागतो. हे सर्व महाविद्यालयात क्वचितच असते. ते जेथे आहे तेथे सरावाला जाण्याची मुभा महाविद्यालयाने द्यावी, एवढीच अपेक्षा व्यवहार्य आहे.

शुल्कमाफीचा मोह पडतो, आणि तो पडणे स्वाभाविक आहे. या खेळाने घराची पुष्कळ पुंजी आधीच खाल्लेली असते. विद्यापीठांना पदके हवी असतात. आंतरविद्यापीठ स्पर्धांतील गुणांवर मौलाना अबुल कलाम आझाद करंडक ठरतो, आणि १९५६-५७ पासून चालत आलेल्या या करंडकासाठी मोठी चुरस असते. म्हणून चांगल्या खेळाडूला संस्था बोलावून घेतात. त्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा: दुसऱ्या वर्षी मुलीचा गुडघा गेला तर माफी राहील का? दीपा कर्माकरलाही २०१७ मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले होते. जी संस्था केवळ पदकाला शुल्क माफ करते, ती पदक थांबताच बिल पाठविते.

दूरशिक्षणाचा मार्ग काहींना सोपा वाटतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून आहे. हजेरीची कटकट नाही, वेळ आपला. मात्र आंतरविद्यापीठ स्पर्धांत पूर्णवेळ विद्यार्थ्यांनाच भाग घेता येतो, त्यामुळे तो मार्ग धरणाऱ्या मुलीला ती स्पर्धा बंद होते. जी राष्ट्रीय संघाच्या उंबरठ्यावर आहे तिचे यात फारसे बिघडत नाही. जी राज्यपातळीवर आहे, जिला विद्यापीठाचा संघ हेच मोठे क्षितिज आहे, तिने हा मार्ग धरू नये. शिवाय मला आणखी एक भीती वाटते. सकाळी हॉल, संध्याकाळी हॉल आणि मधल्या वेळी घरी एकटीने पुस्तक, असे तीन वर्षे काढलेल्या मुलीला कसरतीखेरीज बोलायला विषय आणि मैत्रिणी उरत नाहीत. महाविद्यालयाचे कट्टे आणि कँटीन यांनाही काही शैक्षणिक मूल्य आहे.

अमेरिकेचे नाव आजकाल अनेक घरांतून ऐकू येते, म्हणून तिकडची रीत थोडी सांगतो. शिक्षणसंस्थांत स्त्रीपुरुष भेदाला मनाई करणारा कायदा तेथे १९७२ मध्ये झाला. १९८२ पासून स्त्रियांची राष्ट्रीय महाविद्यालयीन कसरत-स्पर्धा भरते. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत जवळजवळ दर आठवड्याला सामना, भरलेली प्रेक्षागृहे, आणि गुण अजूनही दहापैकी. आंतरराष्ट्रीय क्षेत्राने ती पद्धत २००६ मध्येच सोडली. सराव आठवड्याला वीस तासांहून अधिक घ्यायचा नाही, असा नियम आहे. आपल्याकडे अठराव्या वर्षी संपणारा खेळ तिकडे अठराव्या वर्षी नव्याने सुरू होतो, तो या व्यवस्थेमुळे. मोहिनी भारद्वाज ही भारतीय पित्याची मुलगी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघातून २००१ पर्यंत खेळली आणि त्यानंतर, पंचवीस वर्षांची असताना, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रौप्यपदक विजेत्या संघाची नायिका झाली. हे चित्र मोहक आहे खरे. परंतु त्या देशात पहिल्या श्रेणीचे संघ साठेकच, संघातील जागा मोजक्या आणि मागणारे सर्व जगभरचे. आपल्या मुलीने तिकडचा विचार करायचा असेल तर तो दहावीतच सुरू केला पाहिजे. बारावीच्या निकालानंतर नव्हे.

आणि तिकडचेच दुसरे चित्रही डोळ्यांआड करता येत नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठाचा एक डॉक्टर, लॅरी नासर, उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षे कोवळ्या कसरतपटूंवर अत्याचार करीत राहिला. मुलींनी सांगितले ते मोठ्यांनी ऐकून सोडून दिले. २०१८ च्या जानेवारीत दीडशेहून अधिक स्त्रियांनी न्यायालयात उभे राहून आपली कहाणी सांगितली, तेव्हा त्याला शिक्षा झाली. एवढे मोठे विद्यापीठ, एवढी साधनसामग्री, आणि मुलीचे म्हणणे ऐकणारा एक कान नव्हता. म्हणून महाविद्यालय असो की हॉल, तेथे स्त्री-प्रशिक्षक आहे का, आईवडिलांना सरावाच्या वेळी आत बसू देतात का, २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार-समिती नेमली आहे का आणि तिच्या सदस्यांची नावे भिंतीवर लावली आहेत का, हे पाहून यावे. विचारण्यात संकोच वाटला तरी विचारावे.

वसतिगृहात राहायचे ठरले तर खानावळीची पाहणी करावी. या खेळात वजन कमी ठेवण्याचे वेड असते, आणि तुटपुंज्या आहारावर चार तास श्रम करणाऱ्या मुलीची मासिक पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात. पुष्कळ मुली ही गोष्ट आईलाही सांगत नाहीत. काही प्रशिक्षक तर तिला चांगल्या तयारीचे लक्षण मानतात. ते लक्षण आजाराचे आहे. सकाळच्या सरावाहून नऊ वाजता परतणाऱ्या मुलीसाठी जेथे न्याहरी शिल्लक ठेवीत नाहीत, ते वसतिगृह तिच्या कामाचे नाही.

विषय कोणता घ्यावा, याविषयी एकच आग्रहाने सांगेन. मुलगी कसरतपटू आहे म्हणून तिला शारीरिक शिक्षणाच्या पदवीकडे ढकलू नये. ते शिक्षण उत्तम आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून त्या क्षेत्रात जे काम केले त्याचा आपल्याला अभिमान असावा. त्या संस्थेचे पथक १९३६ साली बर्लिनला जाऊन भारतीय व्यायामप्रकार दाखवून आले. पण ते शिक्षण आवडीने घेण्याचे आहे, नाइलाजाने नव्हे. ज्या मुलीला संख्याशास्त्र आवडते तिने संख्याशास्त्र घ्यावे. प्रयोगशाळेत दुपारी अडकविणारे विषय अवघड जातात, हे मान्य. तरीही ते अशक्य नाहीत. मद्रासच्या आय.आय.टी.ने २०२४ पासून प्रत्येक पदवी-अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन अधिक जागा ठेवल्या आणि त्यांतील एक मुलींसाठी राखली. प्रवेशपरीक्षा मात्र उत्तीर्ण व्हावी लागते, आणि कोणकोणते खेळ त्यात धरले आहेत ती यादी आधी पाहावी लागते. तीन वर्षांची पदवी की चार, हेही विचारावे. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली आहे, आणि संस्थासंस्थांत याबाबत फरक असू शकतो. हळूहळू शिकणाऱ्या खेळाडूला चौथे वर्ष अडचणीचे नसून सोयीचेही ठरू शकते.

राहता राहिला महाराष्ट्रात परतण्याचा प्रश्न. कसरतीच्या दृष्टीने ठाणे, मुंबई, पुणे ही ठिकाणे समृद्ध आहेत. २०२२ मध्ये पंचकुला येथील खेलो इंडिया युवा स्पर्धेत ठाण्याच्या संयुक्ता काळेने र्‍हिदमिक प्रकारातील सर्वच्या सर्व पाच सुवर्णपदके जिंकली. पण कागदपत्रांचा विचार करावा. कर्नाटकात व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशासाठी साधारणतः सात वर्षे तेथे शिकलेले असावे लागते. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेले पाच टक्के आरक्षण तेथील अधिवासी आणि त्या राज्यासाठी खेळलेल्या खेळाडूंसाठी आहे. बदलीच्या नोकरीमुळे जी मुलगी दोन्हीकडे अपुरी राहते तिची प्रमाणपत्रे कपाटात पडून राहतात. म्हणून दहावीनंतर राज्य बदलण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

शेवटची एक व्यावहारिक सूचना. महाविद्यालयाच्या भिंतीवर ढाली आणि पेले मांडलेले असतात. त्यांच्याकडे पाहून झाले की कार्यालयात जावे आणि गेल्या पाच वर्षांत ज्या मुली या महाविद्यालयातर्फे खेळल्या त्यांतील किती जणी ठरल्या वेळी पदवीधर झाल्या, हे विचारावे. जमल्यास त्यांतील दोघी-तिघींना भेटावे, आणि मुलीला त्यांच्याशी एकटीला बोलू द्यावे. जे कार्यालय अशी माहिती देण्यास टाळाटाळ करील, तेथे प्रवेशशुल्क भरण्याची घाई करू नये. दुसऱ्या महाविद्यालयाची मुदत बहुधा अजून संपलेली नसते.